रिकाम्या मडक्यातलं मीठ

हौसाबाई, माझी सख्खी आत्या, हिच्यावर चोरीचा आळ घेतला गेला तो आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी बरोबर दोन वाजता. जागा : मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठावरचं पांढरीचं टेकाड. आळ घेणारा : गेनू मुकादम. साक्षीदार : खोदकामाची अख्खी टोळी, बाया-बापे मिळून तीसेक माणसं, आणि त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. ही वाक्यं मी दुसऱ्याच दिवशी स्टेन्सिलवर जशी कोरली तशीच आज इथं उतरवली आहेत. आत्मचरित्र जन्मापासून सुरू करावं, निदान गावापासून तरी, असं मला पुष्कळांनी बजावलं. पण मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहितालिहिता. पत्रकाच्या पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला हे नसेल, तर त्या कागदाची लायकी भजी बांधण्याइतकीच, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं. पासष्टी उलटली तरी ती खोड गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

आम्ही तेव्हा पिंपरीला रुळांच्या पलीकडच्या वस्तीत राहायचो. पत्र्याची दीड खोली. अर्ध्या खोलीत चूल, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि आई. उरलेल्या एका खोलीत दादा म्हणजे माझे वडील, मी, हौसाआत्या आणि भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. घरात घड्याळ नव्हतं, भोंगे होते. कुठल्या कंपनीचा भोंगा घोगरा, कुठल्याचा किनरा, हे पोरंसोरंसुद्धा सांगायची. दादा फाउंड्रीत होते, त्यांच्या घामालाही लोखंडाचा वास यायचा. मी भोसरीला एका लहान कारखान्यात पंख्याच्या मोटरची कॉइल गुंडाळायचे. आत्या पहाटेच उठून भाकरी थापायची. तो थापट्यांचा आवाज आणि पहिली लोकल यांचा ताल माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहे. भाकरीबरोबर लसणाची चटणी, आणि आठवड्यातून एकदा सुकट. सुकट भाजली की शेजारच्या मराठवाड्याकडच्या काकू नाकाला पदर लावायच्या आणि मग वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. "वास लई घाण हाय हो, पर द्या जरा," म्हणायच्या.

आत्याचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. ती खोदायची. मजूर बाया पाट्या वाहतात, खणायचं काम बाप्यांचं, अशी रीत. पण आत्याच्या हातात कुदळच असायची आणि तिला कुणी पाटी द्यायची हिंमत करत नसे. ती कानानं खोदायची. "मुरमात खर्रर करती कुदळ, काळ्या मातीत धप म्हनती, दगडावर खन्न," असं ती मला सांगायची, "आन् खाली पोकळ असंल तर बद्द. बद्द म्हनली की हात आवरायचा." तेव्हाची अर्धी भोसरी, कारखान्यांचे पाये, पाण्याच्या टाक्या, संडासांचे खड्डे, असल्या कानांनी खोदलेली आहे. कुठल्याही कंपनीच्या कोनशिलेवर ते लिहिलेलं नाही.

पांढर म्हणजे काय हे आता आमच्या भागातल्या सोसायट्यांमधून राहणाऱ्यांना सांगावं लागेल. शेतीची जमीन ती काळी, आणि माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहून, राख सांडून, भिंती पाडून, पुन्हा बांधून जी जमीन भुरकट होते ती पांढर. गाव उठून गेलं तरी पांढर मागे राहते. मोशीच्या अलीकडचं ते टेकाड असंच. आसपासच्या गावांतल्या बाया घर सारवायला तिथली माती न्यायच्या. ते टेकाड एका कंपनीनं शेडसाठी घेतलं. पायाचा चर खणताना खापरं निघाली, मग राखेचे थर निघाले, आणि कुणीतरी पुण्याला कळवलं. पुण्याहून संशोधक आले. कंपनीकडून त्यांनी कशीबशी महिनाभराची मुदत मिळवली, आणि जी टोळी पाया खणत होती तिलाच हळू हाताच्या कामावर घेतलं. त्यातले थोरले साहेब क्वचित दिसायचे. रोजचं काम धाकटे साहेब बघायचे, तिशीच्या आतले, लांब मानेचे, डोक्यावर सोला हॅट. त्यांना आत्याचे कान पहिल्याच दिवशी आवडले.

मडक्यांची पहिली जोडी निघाली तेव्हा आत्या घरी येऊन हात धुवायला बसली ती बराच वेळ धूतच राहिली. दोन मोठी राखाडी मडकी, आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावून. एका घराच्या जमिनीखाली. आत लहान मुलाची हाडं, आणि मानेपाशी तांब्याचे मणी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं : तीन हजार वर्षांपूर्वीचा राजपुत्र. दादांनी कंपनीच्या कँटीनमधून ते पान घडी घालून आणलं.

"राजाचं पोर म्हणे," दादा म्हणाले. "मण्यांवरून कळतं. ज्याला मणी पुरायला परवडतात तो मोठा. धाकट्या साहेबांनीच सांगितलंय."

"तोंडाला तोंड लावलं व्हतं मडक्यांचं," आत्या म्हणाली. तिला राजाशी काही देणंघेणं नव्हतं. "आईनं कुशीत घ्यावं तसं. आजून काय वळखायचं असतंय त्यात?"

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यावरच उभा आहे. पुरलेल्या वस्तूंवरून मेलेल्याची पत ठरवायची, हा त्या विद्येतला एक मोठा आधार. मणी असले तर उच्च, नसले तर नीच. मी तेव्हा हे ऐकलं आणि मला ते पटलं. पटणारच होतं. मेल्यावरही उच्चनीच सुटत नाही, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. आमच्या गावी खेडच्या बाजूला आमची मसणवटसुद्धा वेगळी होती, आणि तीही नदीच्या खालच्या अंगाला.

मंगळवारी आत्या चारच्या सुमारासच घरी आली. मी पहिल्या शिफ्टची, नुकतीच टेकले होते. तिच्या हातात कुदळ नव्हती. पदर सुटलेला, कमरेची चंची नाही. आई घाबरून उठली. आत्या आधी पाणी प्यायली, दोन तांबे, आणि मग तिनं सांगितलं. तिला दुसरी जोडी सापडली होती. त्याच घराच्या जमिनीत, पहिलीपासून चार पावलांवर. बद्द असा आवाज आला, तिनं हात आवरला, बोटांनी माती सारली, तर तीच तोंडाला तोंड लावलेली मडकी, वरच्या अंगाला मातीच्या भारानं तडकलेली. धाकटे साहेब जीपनं चाकणला गेलेले. टोळी जेवायला सावलीत बसली. आत्या जेवायला गेली नाही. कुणाचा पाय पडू नये, कुत्रं येऊ नये, म्हणून ती तासभर उन्हात मडक्याशी राखण बसली. साहेब आले, मडकं उघडलं. हाडं होती. मणी नव्हते.

"मग?" मी म्हटलं.

"मग गेनू म्हनला, एकाच घरातली दोन लेकरं. एकाला मनी घातलं आन् दुसऱ्याला न्हाई? असली कोन आई असती? मनी व्हतं. तासभर ही एकलीच बसली व्हती हितं." आत्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "साहेब कायबी बोलला न्हाई. टोपी काढून डोकं खाजवीत बसला. मग गेनूनं माझी चंची उपडी केली. समद्यांदेखत. सुपारी, चुना, आडकित्ता. आन् तानीचा वाळा."

आईला ते नाव ठाऊक होतं. तानी कोण हे मला तोवर माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या बाईच्या शेजारी मी झोपत होते, तिला एक मुलगी झाली होती, आठ महिन्यांची होऊन ती गेली होती, आणि तिच्या पायातल्या तांब्याच्या दोन वाळ्यांपैकी एक आत्याच्या चंचीत सुपारीबरोबर राहत होता, हे मला त्या दुपारी कळलं.

"गेनू वरडला, बघा, तांबं हाय! मी म्हनलं, आरं भाड्या, वाळा हाय तो, मनी न्हाई. त्यो म्हनला, वाळा तर वाळा, मडक्यातनंच काढला असंल. आन् साहेबाच्या कारकुनानं कागदाच्या पाकिटात घातला, वर नंबर लिवला, आन् पेटीत टाकला." आत्यानं दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले. "उद्यापास्न येऊ नको म्हनले."

दादा त्या आठवड्यात रात्रपाळीला होते, म्हणून घरीच. ते म्हणाले, "हौसे, जाऊ दे. पोलिसात दिलं नाही हे नशीब. मोठी माणसं आहेत, आपण कुठं नादी लागायचं?" दादा भित्रे नव्हते. पण त्यांनी मालकांची माणसं पाहिली होती, आणि मला ती अजून पाहायची होती. मी म्हटलं, "मी लिहिते."

आमच्या वस्तीच्या मंडळाकडे एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं, मेणकागदी स्टेन्सिलवरून प्रती काढणारं, एका हातानं फिरवायचं, शाईनं कोपरापर्यंत माखवणारं. त्यावर मी तोवर पाण्याच्या नळाबद्दल, कायम न करणाऱ्या कंपन्यांबद्दल, रेशनच्या सडक्या मिलो ज्वारीबद्दल पत्रकं काढली होती. हे पत्रक मी बसल्या बैठकीला लिहिलं. मथळा : 'रिकामं मडकं कुणाचं?' खाली मजकूर असा, की ज्या मडक्यात मणी ते मडकं मालकाच्या पोराचं, आणि ज्या मडक्यात काही नाही ते त्याच घरात राबणाऱ्या मोलकरणीच्या पोराचं. मालकाच्या पोराला तांबं, राबणारीच्या पोराला माती. तीन हजार वर्षांपूर्वी हेच होतं, आज हेच आहे. तेव्हा ते मडकं रिकामं ठेवलं, आज ते रिकामं निघालं म्हणून आमच्याच बाईला चोर ठरवलं. ते रिकामं मडकं आमचं आहे!!! शेवटी उद्गारचिन्ह, एक नव्हे, तीन. मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आजही त्यातल्या वाक्यांचा ठेका मला आवडतो. फक्त त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

बुधवारी कामावरून येऊन मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मी 'रिकामं मडकं आमचं आहे' असं ठासून म्हटलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"रिकामं कोन म्हनलं तुला?" ती म्हणाली.

"अगं, त्यात काही नव्हतंच ना. तूच सांगितलंस."

"मनी नव्हतं म्हनले मी. रिकामं म्हनले व्हय?" तिनं मेथीची काडी माझ्याकडं रोखली. "कमे, तानीला पुरली तवा आमी काय काय ठेवलं ठाव हाय? मीठ. चांगलं दोन शेर मीठ, खालीवर. दुधाची वाटी ठेवली, वाटी मागनं काढून घेतली, दूध मातीत सोडलं. माझ्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळली. हळद लावली. आता सांग, तीन हजार वर्सांनी कुनी उकरलं तर मीठ घावंल? दूध घावंल? पदर घावंल? त्योबी तुझ्यावानी लिवंल, रिकामी गेली म्हनून."

माझ्या हातात पत्रकाचा ओला कागद.

"आन् मोलकरनीचं पोर कशावरनं? एकाच आईची दोन न्हाईत व्हय होत? पयलं गेलं तवा घरात सुगी असंल, बापानं हौसंनं मनी केलं असतील. दुसरं गेलं तवा पाऊस नसंल. न्हाईतर बापच नसंल. आईला जे मिळालं ते तिनं दिलं. त्यात तू मालक न् नोकर कुठनं आनलंस? त्या गेनूनं मनी असलंच पायजेत म्हनून ठरवलं, आन् तू नव्हतंच म्हनून ठरवलं. मडक्याला इचारलं कुनी?"

"मग दोन्ही वाळे का नाही ठेवलेस तानीजवळ?" मी विचारलं. वाद हरताना माणूस जसा काहीतरी विचारतो तसं.

"एक तिला, एक मला," आत्या म्हणाली आणि मेथी निवडू लागली.

त्या एका वाक्यानं माझं अख्खं पत्रक मोडीत निघालं. पुढं आयुष्यभर मी पुष्कळ ठिकाणी बोलले, मोर्चे काढले, दोनदा आतही जाऊन आले, पण कुणाबद्दल लिहायचं असेल त्याला लिहिलेलं आधी वाचून दाखवायचं, हा नियम मी त्या मेथीच्या ढिगाशेजारी शिकले. मात्र खरी गोष्ट त्यापुढं झाली. मी वैतागून म्हटलं, "ते सगळं ठीक आहे आत्या, पण मणी नव्हतेच हे सिद्ध कसं करायचं? तुझं कोण ऐकणार?"

"ऐकायचं कशाला? बघायचं. तान्ह्याला वाळा घालतो, तर पाय हिरवा व्हतो का न्हाई? आंगूळ घालताना घासून घासून जात न्हाई. तांबं अंगाला लागलं की हिरवं सोडतंच. पयल्या लेकराच्या मानंची हाडं मी बघितली ना, पार शेवाळावानी हिरवी व्हती. मग ह्या दुसऱ्याला मनी असतं, आन् मी काल काढलं असतं, तर हाडं पांढरी कशी ऱ्हातील?"

मग मी स्टेन्सिल फाडलं आणि नवं घेतलं. दुसरं पत्रक सात ओळींचं होतं. त्यात तीन हजार वर्षं नव्हती, मालक नव्हता, उद्गारचिन्ह एकही नव्हतं. पहिल्या ओळीत आत्याचं नाव आणि वेळ. शेवटच्या ओळीत मागणी : दोन्ही मुलांच्या मानेची हाडं शेजारी ठेवून सर्वांसमोर दाखवा.

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी. मी आणि आत्या बसनं मोशीकडं गेलो, पुढं चालत. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन, आत्या हात हलवत. चराच्या तोंडाशी गेनू मुकादम आडवा आला. गेनू आमच्यासारखाच रोजावर वाढलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी मुकादम झालेला. जबड्यात तंबाखू धरून बोलायची सवय.

"ओ ताई, कामाच्या जागी राजकारण नको," तो म्हणाला.

"राजकारण नाही गेनूभाऊ, पत्रक आहे. घ्या, वाचा. का वाचून दाखवू?"

"मोठी शानी झालीस गं. आत्या चोर न् भाची पुढारी."

"माझं काम साहेबांशी आहे," मी म्हटलं आणि त्याच्या बाजूनं सरळ आत गेले. आत्या मागून येताना त्याला म्हणाली, "गेनू, तंबाखू थुक आधी, मग बोल. लेकराची जागा हाय ती." आणि गेनू खरोखर थुंकायला बाजूला गेला.

धाकट्या साहेबांनी सातही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. त्यांच्या लांब मानेवर खालून वर लाली चढत गेली. ते तंबूत गेले आणि दोन पत्र्याचे ट्रे घेऊन आले, कापूस घातलेले. एकात पहिल्या मुलाची हाडं, एकात दुसऱ्याची. चिमणीच्या हाडांएवढी बारीक. पहिल्या ट्रेमधली मानेची मणक्यांची हाडं, गळ्याजवळची दोन काटक्यांसारखी हाडं, शेवाळी हिरवी. दुसऱ्या ट्रेमधली तीच हाडं त्यांनी ब्रशनं साफ केली, उलटी केली, भिंग लावून पाहिली. भुरकट पांढरी. कुठं हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

"मणी नव्हते," साहेब म्हणाले. "कधीच नव्हते. हे मला मंगळवारीच दिसायला हवं होतं. मला माहीत आहे हे सगळं, मी शिकलोय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "चूक झाली आमची."

"माझ्याकडं नका बघू," मी म्हटलं. "आत्याकडं बघून सांगा. आणि आत्ता नको. दोन वाजता, टोला पडल्यावर, सगळ्यांदेखत सांगा. आळ दोन वाजता घेतला होता."

आज मला त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा हेवा वाटतो. इतकी साधी, सरळ मागणी पुढच्या आयुष्यात मला फार थोड्या वेळा सुचली. टोळी जेवत होती तोवर आम्ही दोघी टेकाडाच्या कडेला बसलो. आत्यानं घरून भाकरी आणली होती, तिच्यात मिरचीचा ठेचा. नदीपलीकडं ऊसवाल्यांचं गुऱ्हाळ होतं, त्याचा गोड धूर येत होता. दोन वाजता रुळाच्या तुकड्यावर टोला पडला. माणसं उठली, धूळ झटकली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मोठ्यानं सांगितलं की हौसाबाईंनी काहीही घेतलेलं नाही, मडक्यात मणी नव्हते, हे आपण स्वतः हाडांवरून पाहिलं आहे, बाईंवर अन्याय झाला आहे आणि त्याबद्दल आपण माफी मागत आहोत. हौसाबाईंनी, असं ते म्हणाले. टोळीतली एक म्हातारी पदरात तोंड घालून रडायला लागली. गेनू पायानं माती उकरत उभा होता. त्यानं माफी मागितली नाही, पण बाजूला ठेवलेली आत्याची कुदळ स्वतः उचलून आणून दिली.

"आन् माझा वाळा?" आत्यानं विचारलं.

साहेबांचा चेहरा उतरला. पेटी बुधवारीच जीपनं पुण्याला गेली होती. त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहिली, की अमुक नंबरच्या पाकिटातला वाळा उत्खननातला नसून मजूर स्त्रीची खाजगी वस्तू आहे, तो परत द्यावा. खाली सही, सुवाच्य.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही पुण्याला किती चकरा मारल्या हे मी सांगत बसत नाही. थोरले साहेब नाहीत. थोरले साहेब परदेशी. धाकटे साहेब नोकरी सोडून दुसऱ्या प्रांतात गेले. तोवर टेकाडावर शेड उभी राहिली, काँक्रीट पडलं. शेवटी एका कार्यालयात चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या माणसानं नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि फार सौजन्यानं सांगितलं, "बाई, नोंद झालेली वस्तू बाहेर जात नाही. चिठ्ठी मान्य आहे, पण हा तुमचाच कशावरून? एक करा. वाळे जोडीनं असतात. दुसरा आणून दाखवा. जुळला तर लगेच देतो."

मी उसळून उठले. आत्यानं माझा दंड धरला. तिनं त्या माणसाकडं नीट पाहिलं, राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि म्हणाली, "दुसरा तिच्या पायात हाय, दादा. तिला उठवायची न्हाई." आणि ती जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "आता हितं यायचं न्हाई मी. तू ये. तुला लिवता येतं."

पुढं काही वर्षांनी पुण्यात त्या वस्तूंचं दालन उघडलं. मी आत्याला घेऊन गेले, तिचे गुडघे तेव्हा धरले होते. काचेच्या कपाटात मडक्यांच्या दोन्ही जोड्या तोंडाला तोंड लावून निजवलेल्या, शेजारी त्यांतली हाडं, आणि दुसऱ्या जोडीपुढं, मखमलीच्या तुकड्यावर, तानीचा वाळा. इतरांचं तांबं काळंहिरवं, खाल्लेलं. हा सुपारीशी घासून घासून लाल चकचकीत. डोळे असलेल्या कुणालाही दिसेल. खाली पाटी. आत्या म्हणाली, वाच. मी वाचली : 'बालदफनातील तांब्याचा वाळा. उच्च कुळातील बालक असावे.' आत्यानं काचेवर हात ठेवला. मग हसली. "बग," म्हणाली, "मेल्यावर का व्हईना, तानीला कुनी उच्च म्हनलं." आणि काचेवरचा हात काढून, "पर खोटं हाय ते. वाळ्यामुळं न्हाई व्हती ती उच्च."

आत्या गेली तेव्हा तिला आम्ही अग्नी दिला, बुद्धवंदना म्हणून. तिच्यासोबत मी मीठ ठेवलं, मूठभर. कुणी विचारलं नाही. वाळा नव्हता ठेवायला. तो मी आणणार आहे. चिठ्ठी माझ्याकडं आहे, सही सुवाच्य आहे, आणि कागद चांगला टिकलाय. माझे अर्ज नाकारून नाकारून त्या कार्यालयातली तीन माणसं निवृत्त झाली; मी अजून झालेले नाही.

पण मी आता एकटीनं जायला तयार नाही, म्हणून हे प्रकरण लिहिलं. तुम्ही इथवर वाचलंत, तर तुम्हीही साक्षीदार झालात, आणि त्या तीस जणांसारखं गप्प बसायची सोय मी तुम्हाला ठेवलेली नाही. त्या दालनात जा. दुसऱ्या जोडीपुढं उभे राहा. लाल चकचकीत वाळा आणि शेजारची पांढरी हाडं, दोन्ही नीट बघा. मग तिथल्या माणसाला बोलवा आणि मोठ्यानं विचारा : हे तांबं या हाडांजवळ तीन हजार वर्षं होतं, तर हाडं हिरवी का नाहीत? तो उत्तर देईपर्यंत काचेपासून हलू नका. पाटी उतरवायला लावा. आणि वाळा हौसाबाईच्या माणसांना परत द्या म्हणून सांगा, नाव घेऊन सांगा.